घर परत मिळालं, पण दिलं तसं नाही

वाचक भगिनींच्या पत्राचा सारांश: आम्ही दोघं निवृत्त. ज्या घरात एकवीस वर्षं संसार केला ते चार वर्षांपूर्वी भाड्यानं दिलं आणि मुलीजवळ राहायला आलो. देताना संपूर्ण घराला नवा रंग काढला होता. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं असं कुटुंब राहायला आलं. भाडं कधी चुकलं नाही, तक्रार कधी आली नाही. आता त्यांनी घर सोडलं. मी कुलूप उघडून आत गेले आणि मटकन खालीच बसले. भिंतींवर कमरेच्या उंचीपर्यंत मेणखडूच्या रेघोट्या. आतल्या खोलीत, कपाट होतं त्यामागच्या कोपऱ्यात काळी बुरशी. बाथरूमचा दरवाजा खालून फुगलेला. ओट्याच्या कडेचा टवका उडालेला. हॉलच्या भिंतीत टीव्हीसाठी पाडलेली चार मोठी भोकं. मिस्टर म्हणतात, डिपॉझिट पूर्ण ठेवून घ्यायचं आणि वर राहील ते मागायचं. मुलगी म्हणते, सोडून दे, मनस्ताप नको. त्यांचे फोन येताहेत, मी उचललेले नाहीत. घर देताना सामानाची यादी वगैरे केली नव्हती. ओळखीच्या घरमालकांचा एक ग्रुप आहे, त्यावर या लोकांचं नाव टाकून सगळ्यांना सावध करावं असं वाटतं. आणि यापुढे लहान मुलं असलेल्यांना घर द्यायचं नाही, हे तर ठरवलंच आहे. माझं चुकतंय का?

तुमचं वाईट वाटणं अगदी रास्त आहे. ज्या कोपऱ्यात तुम्ही स्वतः कपाट लावलंत, ज्या ओट्यावर वर्षानुवर्षं हात फिरला, तिथं बुरशी आणि टवका बघून पोटात खड्डा पडणारच. पण याच कारणामुळे पुढचे काही दिवस तुम्हाला जपून पावलं टाकावी लागतील. तुमच्यापुढे आता दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. एक, घराचं झालेलं नुकसान. दुसरी, आपल्या घराला कुणी जपलं नाही ही खंत. पहिलीचा हिशोब करता येतो, दुसरीची भरपाई डिपॉझिटमधून होत नाही. दोन्ही एकत्र केल्या की आकडा फुगत जातो आणि मग तो कुणालाच पटवून देता येत नाही.

सगळ्यात आधी त्यांना कळवा. फोनवर बोलण्याइतकं मन शांत नसेल तर मेसेज करा: ‘घराची पाहणी सुरू आहे. काही ठिकाणी दुरुस्ती लागणार आहे. अमुक तारखेपर्यंत लेखी हिशोब पाठवते.’ एवढंच. कारण आणि आरोप नकोत. डिपॉझिट तुमच्या खात्यात असलं तरी हिशोब होईपर्यंत ते त्यांचेच पैसे आहेत. तुम्ही फोन न उचलल्यामुळे तिकडे एव्हाना ‘पैसे बुडवायचा विचार दिसतोय’ अशी बोलणी सुरू झाली असतील. काही ठिकाणी कायद्यानंच याला मुदत घातली आहे. कॅलिफोर्नियात घरमालकाला २१ दिवसांत कपातीचा तपशील देऊन उरलेली रक्कम परत करावी लागते. तुमच्या करारात मुदत लिहिली असेल तर ती पाळा, नसेल तर स्वतःच एक तारीख ठरवा आणि चुकवू नका.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीताकडे वळते. ‘दिलं तसं परत मिळायला हवं,’ असं तुम्ही तीनदा लिहिलंय. मला विचारावंसं वाटतं: तुम्ही स्वतः या घरात राहत होतात तेव्हा एका रंगाला चार वर्षं झाली की भिंती कशा दिसायच्या? स्विचभोवती हाताचे काळसर डाग, खुर्ची टेकते तिथं घासल्याची रेघ, उन्हाच्या बाजूला फिका पडलेला रंग. घर वापरलं की झिजतं, आणि त्या झिजेचा मोबदला म्हणूनच तर भाडं घेतलं जातं. हा विचार कायद्यातही जुना आहे. भारताच्या १८८२ सालच्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं कलम १०८ सांगतं की भाडेकरूनं जागा होती त्या स्थितीत परत करायची, पण वाजवी वापरातली झीज आणि माणसाच्या हाताबाहेरच्या गोष्टी वगळून. ‘दिलं तसं’ या अपेक्षेला ही वजाबाकी पहिल्यापासून जोडलेली आहे.

झीज कुठं संपते आणि नुकसान कुठं सुरू होतं, यावर जपान सरकारनं बारकाईनं मार्गदर्शक तत्त्वं तयार केली आहेत. ती मला फार उपयोगी वाटतात, कारण त्यांत अगदी आपल्या भिंतींवर दिसतात त्याच खुणांची वाटणी केली आहे. उन्हानं उडालेला वॉलपेपरचा रंग, फ्रिजच्या मागे भिंतीवर पडलेला काळपट पट्टा, जड फर्निचरच्या पायांचे कार्पेटवर उमटलेले खळगे, पोस्टर लावलेल्या टाचणीची भोकं हे सगळं मालकाच्या खात्यात. सिगारेटच्या धुरानं पिवळी पडलेली भिंत किंवा स्क्रू ठोकून पाडलेली मोठी भोकं भाडेकरूच्या खात्यात. शिवाय वस्तूचं वय मोजायचं: वॉलपेपरची किंमत सहा वर्षांत घसरत जाऊन शेवटी एक येन उरते, असं तिथं धरलं जातं. ही तत्त्वं तुम्हाला बंधनकारक नाहीत, पण वही उघडून बसाल तेव्हा ही विचारपद्धत जवळ ठेवा.

तर आता एकेक वस्तू घेऊ.

रेघोट्या. चार वर्षांच्या वापरात भिंतीवर मेणखडू येणं अपरिहार्य नाही, म्हणून हे झिजेत धरता येणार नाही. पण नवा भाडेकरू आणण्याआधी तुम्ही रंग काढणार होतातच ना? मग संपूर्ण रंगकामाचं बिल त्यांच्या माथी मारणं योग्य नाही. घरातला रंग साधारण पाच वर्षं चांगला राहतो असं धरलं, तर त्यातली चार वर्षं वसूल झालेली आहेत. रंगाच्या खर्चाचा फार तर एक पंचमांश भाग त्यांच्याकडे निघतो. त्यात एक वाढीव काम मात्र खरोखर त्यांच्यामुळे लागणार आहे. मेणावर नुसता रंग मारला तर तो नीट धरत नाही, डाग वर येतो. आधी भिंत पुसून, घासून, डाग झाकणाऱ्या प्रायमरचा हात द्यावा लागतो. रंगाऱ्याला याचं कोटेशन वेगळं लिहून द्यायला सांगा. ते पूर्ण त्यांच्याकडून घ्या.

टीव्हीची भोकं. इथं मला एक प्रश्न आहे, ज्याचं उत्तर पत्रात नाही. त्यांनी विचारलं होतं का? आणि तुम्ही फोनवर सहज ‘लावा की’ म्हणाला होतात का? जुने मेसेज चाळून बघा. परवानगी दिली असेल तर भोकं पाडली ही तक्रार राहत नाही. जाताना बुजवली नाहीत एवढीच राहते. परवानगी नसेल तर बुजवण्याचा आणि पुट्टीचा खर्च त्यांचा. त्या भिंतीच्या रंगाला मात्र वरचाच पंचमांशाचा हिशोब.

ओट्याचा टवका. काहीतरी जड हातातून निसटून कडेवर आदळलं असणार. ही झीज नव्हे, नुकसानच. पण टवका उडाला म्हणून अख्खा दगड बदलून मागता येत नाही. दगडाच्या रंगाचं मिश्रण घातलेलं इपॉक्सी भरून घासलं की कड पुन्हा सारखी होते. पॉलिश करणारे कारागीर हे काम नेहमी करतात. त्या दुरुस्तीची पावती लावा. तुम्ही हौसेनं नवा दगड बसवलात तर वरचा खर्च तुमचा.

दरवाजा. इथं जरा थांबा. जमिनीला टेकवून एक छोटा आरसा दरवाजाच्या खाली सरकवा आणि खालची कड बघा. दरवाजा बसवताना दोन्ही बाजूंना रंग किंवा लॅमिनेट होतं, पण तळाची कड अनेकदा कोरीच राहते, कारण ती कुणाला दिसत नाही. ओल्या फरशीवरचं पाणी त्या उघड्या लाकडात वर चढतं आणि दरवाजा फुगतो. तिथं कुणीही राहत असलं तरी फुगतो. तुमचा दरवाजा पंचवीस वर्षांचा असेल आणि कड कोरी असेल, तर या ओळीपुढे शून्य लिहा. मिस्टरांना आवडणार नाही, पण आरसा त्यांच्याच हातात द्या.

आता बुरशी. या एका गोष्टीवर मालक आणि भाडेकरू यांच्यात जेवढं बिनसतं तेवढं क्वचितच दुसऱ्या कशावर बिनसत असेल, कारण दोघांनाही मनापासून वाटतं की चूक समोरच्याची आहे. मालक म्हणतो, खिडक्या उघडल्या नाहीत. भाडेकरू म्हणतो, भिंतच ओली आहे. दोन्ही कारणं खरी असू शकतात आणि दोघांच्या खुणा वेगळ्या असतात. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवलं की मागे हवा खेळत नाही. भिंत गार राहते, खोलीतली दमट हवा तिथं पोचून पाणी धरते आणि काळे ठिपके पसरतात. घरात कपडे वाळत घातले, खिडक्या बंद ठेवल्या की हे वाढतं. याउलट पाइप गळत असेल किंवा बाहेरच्या प्लास्टरला भेग असेल तर भिंतीवर तपकिरी कडेचा डाग पडतो, रंगाचे पोपडे सुटतात, बोट फिरवलं की पांढरी क्षाराची पूड लागते.

शंका असेल तर एक सोपी चाचणी आहे. भिंत कोरडी पुसा, अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा वीतभर तुकडा चारही बाजूंनी टेपनं पक्का चिकटवा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. काढल्यावर भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. ते तुमचं काम, आणि ते केल्याशिवाय नवा रंगही टिकणार नाही. खोलीकडची बाजू ओली असेल तर दोष हवेतल्या दमटपणाचा. घर सध्या रिकामं आहे, म्हणून खोलीकडची बाजू कोरडी निघाली तरी आधी दमटपणा नव्हता असं सिद्ध होत नाही. भिंतीकडची बाजू कोरडी निघाली तरीही पावसाळ्यात पुन्हा बघा, कारण काही गळती फक्त तेव्हाच जागी होते.

आणि समजा कारण दमटपणाच निघालं, तरी आणखी एक बघायचं राहतं. त्या खोलीत हवा खेळायला सोय होती का? बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालू होता का? तुमच्या काळातही कपाट तिथंच होतं, असं तुम्ही स्वतः लिहिलंय. ज्या घरात मोठं कपाट ठेवायला दुसरी भिंतच नाही, तिथं कपाट ठेवल्याचा दोष देणं मला पटत नाही. माझ्या मते बुरशीचा खर्च, गळती नसली तरी, निम्मा तुम्ही सोसावा. त्यांचा निम्मा अशासाठी की डाग दिसायला लागल्यावर त्यांनी कळवायला हवं होतं. पहिल्या ठिपक्यांना पुसून काढणं सोपं असतं, पसरलेल्या बुरशीला नाही.

यादी केली नव्हती, ही तुमची सगळ्यात कमकुवत बाजू आहे. वाद पुढे गेलाच तर घर आधी कसं होतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. इंग्लंडमध्ये २००७ पासून डिपॉझिट अधिकृत योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं आणि वाद झाला तर कपात का करायची हे मालकालाच पटवून द्यावं लागतं. पण हात अगदीच रिकामे नसतील. रंग झाल्यावर मुलीला पाठवलेले फोटो, घर दाखवताना काढलेला व्हिडिओ, रंगाऱ्याची पावती, समारंभाच्या फोटोंत मागे दिसणारी भिंत, सगळं गोळा करा. आणि त्यांच्याकडेही मागा. राहायला येताना लोक हौसेनं रिकाम्या घराचे फोटो काढतात. ते फोटो मागितल्यानं तुमचा हेतू सरळ आहे हेही त्यांना कळेल. आजच्या स्थितीचे फोटो मात्र दुरुस्तीला हात लावण्याआधी काढा: आधी खोलीचा लांबून एक, मग त्याच जागेचा जवळून, शेजारी मोजपट्टी धरून.

मग हिशोब कागदावर मांडा. प्रत्येक ओळीत वस्तू, तिचं वय, दुरुस्तीचा खर्च, त्यातला तुमचा वाटा, त्यांचा वाटा. आणि तो पाठवण्याआधी त्यांना घरी बोलवा. प्रत्यक्ष कोपऱ्यात उभं राहून ‘हे बघा, याचं मला असं वाटतं, तुमचं काय म्हणणं आहे?’ असं विचारलं की निम्मे वाद तिथंच मिटतात. सुरुवात भाडं चार वर्षं वेळेवर आलं इथून करा. ते खरं आहे आणि त्यांना ते ऐकायला मिळालेलं नसेल. त्यांना स्वतः माणूस लावून भोकं बुजवून द्यायची असतील तर द्या. शेवटी जे ठरेल ते दोन ओळींत लिहून दोघांनी सही करा, म्हणजे सहा महिन्यांनी कुणाला नव्यानं काही आठवणार नाही.

मिस्टरांना माझ्याकडून सांगा, वर मागण्यासारखं या यादीत मला काही दिसत नाही. मुद्दाम केलेली तोडफोड, न विचारता काढलेली भिंत, पाणी मुरवून खालच्या मजल्यापर्यंत केलेलं नुकसान, अशा प्रसंगी डिपॉझिटच्या पलीकडे जायला हवं. तिथं वकिलाचा सल्ला घ्या, घराचा विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा आणि त्यांचा माणूस बघून जाईपर्यंत काही हलवू नका. निष्काळजीपणाच्या नुकसानीला मात्र काही देशांनी कमाल मर्यादाच घातली आहे. न्यूझीलंडमध्ये २०१९ पासून ती चार आठवड्यांचं भाडं किंवा मालकाच्या विम्यातला त्याने स्वतः सोसायचा भाग, यांत जे कमी असेल तेवढीच आहे. खडूच्या रेघांसाठी कोर्टाची पायरी चढलात तर मिळेल त्यापेक्षा जास्त खर्च होईल.

मुलीचं ‘सोडून दे’ हेही मला मान्य नाही. जे त्यांच्या हातून झालंय ते शांतपणे मागणं हा तुमचा हक्क आहे. नाही मागितलंत तर मनात ते कुढत राहील आणि पुढच्या भाडेकरूवर निघेल. नव्हे, निघालंच आहे. मुलं असलेल्यांना घर द्यायचं नाही हा निर्णय त्याचाच आहे. मुलं आहेत म्हणून घर नाकारणं काही ठिकाणी बेकायदा आहे, अमेरिकेत १९८८ च्या दुरुस्तीनंतर मोजके अपवाद सोडले तर तसं करता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा: चार वर्षांत एकदाही भाडं न चुकवणारं हे कुटुंब होतं. धुता येणारा रंग कमरेच्या उंचीपर्यंत मारून घेतलात तर रेघोट्यांचा प्रश्न ओल्या फडक्यानं सुटतो.

ग्रुपवर नाव टाकू नका. ही मी तुम्हाला कळकळीची विनंती करते. त्या कुटुंबानं काही फसवणूक केलेली नाही. तुमच्या एका संतापाच्या संध्याकाळी लिहिलेल्या चार ओळी त्यांना पुढच्या दहा दारांवरून परत पाठवतील, आणि हिशोब मिटल्यावरही त्या ओळी मागे घेता येणार नाहीत. बदनामीचा दावा झाला तर तुम्हीच अडचणीत याल, ते वेगळंच. दुसऱ्या घरमालकानं थेट फोन करून विचारलं तर खरं ते सांगा, भाड्याचंही आणि भिंतींचंही.

ज्यांचे भाडेकरू अजून घरात आहेत आणि नुकसान डोळ्यांसमोर होतंय, अशा वाचकांसाठीही दोन शब्द. पाणी-वीज तोडणं, कुलूप बदलणं, न सांगता किल्लीनं आत शिरणं, यांतलं काहीही करू नका. बाजू तुमची खरी असली तरी त्या क्षणी ती खोटी पडते. काय मोडलंय आणि ते कधीपर्यंत दुरुस्त हवं, हे लेखी कळवा. आधी उल्लेख केलेल्या भारतीय कायद्यातच तरतूद आहे की भाडेकरूच्या चुकीनं झालेला बिघाड मालकानं नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत त्यानं दुरुस्त करायचा. आणि त्यांनी कळवलेली गळती तुम्ही लांबवली असेल, तर त्यातून वाढलेलं नुकसान त्यांच्याकडे मागता येणार नाही, हे मनाशी ठेवा.

तुम्ही घर पुन्हा देणार आहात, तर या वेळी किल्ली देताना अर्धा तास जास्त काढा. दोघांनी मिळून खोलीखोलीतून फिरा, फोनवर व्हिडिओ घ्या, नळ सोडून बघा, खिडक्या उघडून-लावून बघा, सिंकखालचं कपाट उघडून पाइपला हात लावून बघा. जे आधीपासून मोडकं आहे तेही यादीत लिहा. त्यानं त्यांचा विश्वास बसतो. मीटरचे आकडे लिहा, दोघांच्या सह्या घ्या, एक प्रत त्यांना द्या. करारात दोन गोष्टी स्पष्ट असू द्या: भिंतीत ड्रिल करायचं तर आधी विचारायचं, आणि ओल किंवा गळती दिसली तर लगेच कळवायचं. त्यांनी कळवलं की तुम्हीही तत्परतेनं माणूस पाठवा, नाहीतर दुसऱ्यांदा कुणी कळवणार नाही. चार वर्षांत तक्रार आली नाही, हे तुम्ही कौतुकानं लिहिलंय, पण मला त्याचीच काळजी वाटली. सहा महिन्यांनी आधी सांगून एकदा चक्कर मारा. कपाटामागे चार बोटं जागा सोडायला त्याच वेळी सांगता येतं.

घर सोडायच्या दोन आठवडे आधी आणखी एक भेट ठरवा आणि काय काय नीट करून द्यायला हवं ते तिथंच लिहून द्या. डिपॉझिट पूर्ण मिळावं म्हणून बरंचसं काम ते स्वतःच उरकतात, आणि जे उरतं त्याच्या खर्चाची दोघांना आधीच कल्पना असते.